गाडी आपल्या नावावर, मग लायसन्स कुणाच्या?

आज हप्ता, व्याज, परतफेड यातलं काहीच नाही. आज बोलायचंय लर्निंग लायसन्सच्या परीक्षेबद्दल. "आमचं काय त्यात?" म्हणून रेडिओ बारीक करू नका, कारण विषय आपल्याच घरातल्या गाडीचा आहे.

आमच्या प्रभागात गेल्या काही वर्षांत बायकांच्या नावावर बऱ्याच स्कूटी आल्या. कुणी समूहाच्या अंतर्गत कर्जातून घेतली, कुणी बँकेकडून. पशुसखीला दिवसात तीन वस्त्या करायच्या असतात, बँकसखीला शाखेत वेळेवर पोचायचं असतं आणि एसटी सकाळी एक नि संध्याकाळी एक. स्कूटीशिवाय भागतच नाही. मग ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही विचारलं, गाडी कोण कोण चालवतं? भराभर हात वर झाले. लायसन्स कुणाकडे आहे? बहुतेक हात खाली आले आणि जरा हसाहस झाली.

कारणंही लगेच आली. गावातल्या गावातच चालवते. बाईमाणसाला पोलीस अडवत नाहीत. मालकांकडे आहे की लायसन्स. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, ते आपल्याला कुठं जमायचं.

पोलिसांचं राहू द्या बाजूला. बिनालायसन्स चालवलं तर मोटार वाहन कायद्यात ५,००० रुपये दंड आहे, पण आम्हाला खरी काळजी विम्याची वाटते. आपल्या गाडीने कुणाला लागलं आणि आपल्याकडे लायसन्स नाही, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि नंतर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे आरसी बुकावर जिचं नाव आहे ती. विम्याच्या कागदात मालकासाठी वैयक्तिक अपघात संरक्षणाचा रकाना असतो, १५ लाख रुपयांचा. आज घरी गेल्यावर आपला कागद काढून बघा. ते १५ लाख वैध लायसन्स असलेल्या मालकासाठीच असतात. म्हणजे प्रीमियम आपण भरतो, हप्ते आपण फेडतो, आणि वेळ आली की आपल्या घरच्यांच्या हातात काही नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे, पण सांगतोच. दहावी-अकरावीतला मुलगा आईची स्कूटी घेऊन क्लासला जातो. कौतुकही असतं, पोरगं कामाला आलं म्हणून. कायद्यात २०१९ साली कलम १९९ अ आलं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. "मला माहीत नव्हतं" हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, तेही पालकांच्या संमतीने. आपल्या स्कूटी ११० आणि १२५ सीसीच्या. त्यात ते बसत नाही.

बॅटरीच्या गाडीला लायसन्स लागत नाही, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं. मोटार २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशाच गाडीला ती सूट आहे. त्याहून मोठ्या बॅटरीच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीचेच नियम.

आता परीक्षा. दुचाकीच्या लायसन्सला शिक्षणाची अट नाही. रिक्षा-टेम्पोसाठी पूर्वी आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये निघाली. प्रश्न मराठीत येतात, प्रत्येकाखाली पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास, म्हणजे पंधरा प्रश्न असतील तर नऊ. आधारवरून घरबसल्याही परीक्षा देता येते, नाहीतर कार्यालयात जाऊन. काय विचारायचं तेही नियमात लिहिलेलं आहे: वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग, आणि गाडीसोबत ठेवायचे कागद. एवढंच.

घरबसल्या सोय झाली तसा एक नवा प्रकारही सुरू झाला. बाई कॅमेऱ्यासमोर बसते, आणि शेजारी बसलेला पुतण्या नाहीतर एजंट उत्तरं दाबतो. हे गैर तर आहेच. शिवाय फाट्यावर समोरून ट्रक आला, तेव्हा ब्रेक दाबायला तो पुतण्या मागच्या सीटवर नसतो. म्हणून आमच्या समूहांनी ठरवलं की एजंटाला द्यायचे पैसे वाचवायचे आणि बैठकीत हजेरी-वसुली झाली की वीस मिनिटं अभ्यास करायचा.

सुरुवात चिन्हांपासून केली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिन्हं काढली नि भिंतीला लावली. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांनाही चित्र चटकन कळतं, उलट आमच्याकडे त्याच पुढं गेल्या. आधी आकार ओळखायचा. गोल म्हणजे आज्ञा, मोडली तर दंड. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे इशारा, पुढं वळण आहे, शाळा आहे, गुरं आहेत. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप. गोलातही दोन तऱ्हा. लाल कडेच्या गोलात बहुतेक बंधनं, हे करू नका, याहून जास्त वेगाने जाऊ नका. पूर्ण निळा गोल म्हणजे हेच करा. म्हणून भोंग्यावर लाल तिरकी रेघ असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, आणि निळ्या गोलात भोंगा असेल तर वाजवायलाच हवा. परीक्षेत ही जोडी हमखास गोंधळात टाकते. दोनच चिन्हांचा आकार सगळ्यांहून वेगळा: आठ कोनांचं लाल म्हणजे थांबा, आणि टोक खाली केलेला त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या. आकार वेगळा अशासाठी, की चिखलाने माखलं तरी ओळखू यावं.

मग रस्त्याचे नियम. पाठ करायला गेलं तर हे विसरतात. कारण कळलं की राहतात. एक प्रश्न असतो: चढाच्या अरुंद रस्त्यावर वर चढणारी आणि खाली उतरणारी गाडी समोरासमोर आली तर आधी कुणी जायचं? बैठकीत बहुतेकींनी सांगितलं, उतरणारीने, कारण तिला ब्रेक मारणं अवघड. उत्तर आहे, चढणारीने. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर थांबला की पुन्हा उचलत नाही, मागं घसरतो, हे आपण दर हंगामात बघतो. एवढं आठवलं की उत्तर चुकत नाही. अरुंद पुलाचंही तसंच. समोरची गाडी पुलावर शिरायला आली असेल तर आपण अलीकडे थांबायचं, ती पार झाली की निघायचं.

गावच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना आधी मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांना जाऊ द्यायचं. हा नियम आम्ही तीन बैठका घोकला, कारण आपल्याकडचे फाटे. वळणावरून किंवा पुलावर ओव्हरटेक नाही. ओव्हरटेक उजवीकडूनच, पुढचा उजवीकडे वळत असेल तेवढाच अपवाद. मध्ये अखंड पिवळी रेघ असेल तर ती ओलांडायची नाही. रात्री समोरून गाडी आली की डिपर द्यायचा. आणि एक गोष्ट पुस्तकापलीकडची: गाळपाच्या दिवसांत बिनालाईटच्या, बिनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. आपल्या दिव्याचा उजेड जेवढा पोचतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, त्याहून जोरात जायचं नाही. घरच्या ट्रॉलीला लाल पट्ट्या लावल्यात का, हेही त्या निमित्ताने विचारा.

रेल्वेच्या प्रश्नाला सगळ्या हसल्या. फाटक नसलेल्या क्रॉसिंगला काय करायचं? गाडी थांबवायची, सोबत कुणी असेल तर त्याने उतरून रुळापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंना बघायचं. कुणी नसेल तर आपण स्वतः उतरायचं. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी सगळी क्रॉसिंगं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली, तरी प्रश्न आहेच. सोपा गुण आहे, सोडू नका.

अपघाताच्या प्रश्नांवर मात्र आम्ही थांबलो. आपल्याकडून कुणाला लागलं तर पळून जायचं नाही. जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. आणि अपघात दुसऱ्याचा असेल तर? "हात लावू नका, केसमध्ये अडकाल," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता कायद्यात कलम १३४ अ आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. ॲम्ब्युलन्स मागून आली की डावीकडे सरकून वाट द्यायची, हाही परीक्षेतला प्रश्न आहे.

आता हेल्मेट. केस बिघडतात, गरम होतं, लोक हसतात, सगळं ऐकून घेतलं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा केंद्र सरकारचा त्या वर्षीचा आकडा ५०,०२९ आहे, आणि त्यात १४,३३७ जण मागं बसलेले होते. मागं कोण बसतं, ते तुम्ही सांगा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि आयएसआय छापाचंच घ्यायचं. रस्त्याकडेला मिळणारी टोपी डोकं वाचवत नाही. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या बाळाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या वर नाही. ट्रिपल सीट तर नाहीच. शाळेची दोन पोरं नि आपण, हेसुद्धा ट्रिपल सीटच आहे.

साडीचं वेगळं सांगायला हवं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी नियमानेच लागते, मागं बसणाऱ्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागाही. घरातल्या पोरांनी शोभेसाठी जाळी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. पदर खोचायचा, ओढणी बांधायची, आणि शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. सासूबाई काय म्हणतील ते आपण बैठकीत मिळून बघू.

लर्निंग मिळालं म्हणजे झालं असं नाही. ते सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर आणि ते संपायच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची, ती प्रत्यक्ष गाडी चालवून. दुचाकीला आठचा आकडा काढायला लावतात, पाय न टेकता. आमच्या बायका शाळेच्या मैदानात चुन्याने आठ आखून सराव करतात. लर्निंगवर असताना गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा, आणि मागं बसवायचं ते लायसन्सवाल्या शिकवणाऱ्यालाच. पोराला नाही, मैत्रिणीला नाही. विनागिअरचं लायसन्स काढलं तर गिअरची गाडी चालत नाही. गिअरवाल्या लायसन्सवर मात्र स्कूटी चालते. घरात मोटारसायकल असेल तर थोडे दिवस जास्त घ्या, पण गिअरचंच काढा.

लर्निंगला केंद्राच्या नियमानुसार प्रत्येक वाहन प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये लागतात. वयाचा, पत्त्याचा पुरावा हवा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सारथी संकेतस्थळावर सरावाची परीक्षा फुकट देता येते, भाषा मराठी निवडायची. ती फोनवर मोठ्याने वाचून दाखवायची आणि सगळ्यांनी मिळून सोडवायची. पक्क्या चाचणीसाठी परिवहन कार्यालयाचे तालुक्याला कॅम्प होतात. तारीख आधी घ्या, मग चार-पाच जणी मिळून जा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं आरसी बुक आणि विम्याचा कागद आणायचा आहे. विमा कधी संपतो ती तारीख आपण हजेरीच्या वहीत लिहून ठेवणार आहोत. पीयूसीची तारीखही लिहू. आणि येताना वाटेत जेवढी चिन्हं दिसतील तेवढी मोजून या.