आधी व्हिडिओ गेम, मग फवारणीचा पंप

 

ऐन फवारणीच्या दिवसांत बॅटरीवरचा पंप बंद पडला की काय होतं, हे बोधेगाव-चापडगावकडच्या बाईला सांगायला नको. कपाशीवर कीड आलेली, औषध कालवून ठेवलेलं, आणि पंप काही केल्या चालू होत नाही. मग तो शेवगावला न्यायचा, दुकानात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत खेप घालायची. उघडून पाहिलं तर पुष्कळदा आत एवढंच निघतं: बटणाची तार सुटलेली, नाहीतर चार्जिंगच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला.

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. पण शिकायचं कशावर? चालू हंगामातल्या पंपावर नक्कीच नाही. मी सांगते, माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढा.

तुमच्यातल्या पुष्कळजणींना तो आठवत असेल. टीव्हीला जोडायचा डबा, वरून पिवळी नाहीतर काळी कॅसेट खोचायची, दोन वायरीचे रिमोट, आणि मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राचे हे भाऊबंद. १९९० नंतर त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या बाजारांत आल्या. मामाने दिवाळीला आणला, पोरं मोठी झाली, आणि डबा पोत्यात गेला.

शिकायला तो चांगला का, तर त्याचा बोर्ड ऐसपैस असतो. आताच्या मोबाईलच्या बोर्डावरचे भाग मोहरीएवढे, भिंगाशिवाय दिसत नाहीत. इथे टाके मोकळे आणि मोठे. आतला कारभार फक्त ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे शॉक बसायची भीती नाही. आणि मुख्य म्हणजे, बिघडला तरी कुणाचं पीक जात नाही. पाटीवर अक्षर चुकलं तर पुसता येतं, तशी ही आपली पाटी.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दुरुस्तीला असा एक डबा आला. घराचा पत्रा गळका, थेंब थेंब पाणी डब्यात गेलेलं. लाल दिवा लागायचा, पण टीव्हीवर नुसता काळा पडदा. तो कसा सुरू झाला ते क्रमाने सांगते, म्हणजे काम लक्षात राहील.

उघडायच्या आधी बाहेरचं तपासायचं. वायर टीव्हीच्या बरोबर भोकात आहे का? टीव्ही ‘एव्ही’वर ठेवलाय का? अँटेनाच्या वायरीचा गेम असेल तर ३ किंवा ४ नंबरचं चॅनल लावून पाहिलं का? अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अधिक-उण्याची खूण डब्यावरच्या खुणेशी जुळते का? कितीतरी डबे इथेच सुरू होतात. बंदूक मात्र नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीसाठीच केलेली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

मग अडॅप्टर भिंतीतून काढायचा आणि डबा उघडायचा. स्क्रू वाटीत ठेवायचे, आणि मोबाईलवर फोटो काढून घ्यायचा, कोणती वायर कुठे होती ते पुढे आठवत नाही.

आता बोर्ड उन्हात धरून नुसता बघायचा. हिरव्या रंगाखाली बारीक रेघा दिसतात, त्या तांब्याच्या. कारागीर त्यांना ट्रॅक म्हणतात. पाटातून पाणी वाफ्याला जातं, तशी ट्रॅकमधून वीज एका भागाकडून दुसऱ्याकडे जाते. पाट फुटला की पुढचा वाफा कोरडा. माझ्याकडच्या डब्यात कॅसेटच्या खाचेजवळ दोन ट्रॅक हिरवे-काळे पडून खाल्ले गेले होते. मेंदू शाबूत, रस्ता तुटलेला. जुन्या बोर्डांचं पुष्कळदा असंच असतं. बिघाड कडेला सापडतो: वीज जिथून आत येते तिथे, खाचेत, टाक्यात, नाहीतर रिमोटची वायर जिथे वाकते तिथे.

मग सफाई. दात घासायचा जुना मऊ ब्रश आणि इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाण्याने धुऊन लगेच लावू नका. ते पेट घेतं, म्हणून चुलीपासून आणि गरम सोल्डरिंगपासून लांब. हातातल्या गेममध्ये सेल गळले असतील तर आधी सेल ओळखा. साध्या स्वस्त सेलचा स्राव आंबट गुणाचा, त्याला खायच्या सोड्याचं पाणी लावतात. अल्कलाइन सेलचा पांढरा थर उलट गुणाचा, त्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. कापसाच्या बोळ्याने पुसायचं, वर अल्कोहोल फिरवायचं, नीट वाळू द्यायचं. हातात रबरी मोजे हवेत. कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. लहानपणी सगळेच तोंडाने फुंकर मारायचे, पण फुंकरीतली ओल धातूला गंजवते.

नंतर मल्टीमीटर. हे वीज मोजायचं छोटं यंत्र. त्याच्यावर ‘बीप’ची खूण असते. वीज बंद ठेवून ट्रॅकच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या. बीप वाजली तर रस्ता जोडलेला, नाही वाजली तर मध्ये कुठेतरी तुटलाय. माझे दोन्ही ट्रॅक मुके होते.

आता जोडणी. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग ब्लेडने अलगद खरवडायचा, घासलेल्या तांब्यासारखं तांबं चमकेपर्यंत. त्यावर राळेची पेस्ट लावायची, मग २५ वॉटच्या सोल्डरिंगने सोल्डरचा पातळ थर द्यायचा. वायरीतला एक बारीक धागा दोन्ही टोकांवर ठेवून डाग द्यायचा. याला कारागीर जंपर मारणं म्हणतात. नेहमीचं कथिल-शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून दोन-तीन सेकंदांत हात काढायचा, जास्त वेळ दाबलं तर चांगला ट्रॅकही बोर्डावरून उचलून येतो. डाग चमकदार आणि बसका दिसला तर पक्का. गोळीसारखा वर राहिला तर तो धरलेला नाही, पुन्हा द्या.

परत बीप तपासायची. जोडलेल्या ट्रॅकवर वाजली पाहिजे, आणि शेजारच्या ट्रॅकशी वाजता कामा नये. दोन्ही बरोबर असेल तरच वीज द्यायची, तीही कॅसेट न लावता. पुष्कळ डब्यांत ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग असतो. अडॅप्टरची वीज तो ५ व्होल्टवर आणतो. तिथे ५ च्या आसपास आकडा आला की मगच कॅसेट. माझ्याकडच्या डब्यावर मारिओ आला तेव्हा घरची आजी आणि नातू दोघंही बघायला उभे होते.

कुठे थांबायचं तेही ठरवून ठेवा. स्वस्त गेममध्ये चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली असते. बाकी सगळं ठीक असून चित्र येत नसेल तर तो थेंबच गेला असं समजा, तो दुरुस्त होत नाही. गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगायचं. बघण्याचे पैसे किती आणि दुरुस्तीचे किती, हे डबा उघडायच्या आधी ठरलेलं बरं.

काही गोष्टींना हात लावायचा नाही म्हणजे नाही. जुन्या काचेचा टीव्ही उघडू नका, बंद केल्यावरही त्याच्या नळीत जीवघेणी वीज साठून राहते. भिंतीत लागणारा चार्जर, अडॅप्टर फोडू नका. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको, गरोदर बाई आणि लहान लेकरं जवळ नकोत, आणि झाल्यावर साबणाने हात धुवायचे. तांबं काढायला बोर्ड जाळू नका, तो धूर विषारी असतो.

हे बायांचं काम नाही असं कुणी म्हणेल. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारसं न शिकलेल्या, वयस्कर बायासुद्धा सोलर दिव्यांचे सर्किट जोडायला शिकल्या, तेही रंग आणि खुणा ओळखून. आपल्याकडे आयआयटी मुंबईने शाळकरी मुलांसाठी सोलर दिव्यांची योजना काढली, तेव्हा दिवे जोडणं आणि दुरुस्त करणं गावातल्याच माणसांना शिकवलं. त्यात बचत गटांच्या बायाही होत्या. गोधडीचा टाका आणि तांदळातला खडा ज्या नजरेला दिसतो, तिला तुटलेला ट्रॅकही दिसतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. एक साधा मल्टीमीटर, एक सोल्डरिंग, थोडं सोल्डर आणि राळ गटाच्या नावावर घ्या, आणि वापराची वही ठेवा. प्रत्येकीने घरातली एक बंद वस्तू आणायची: गेम, बॅटरीवरचं खेळणं, टीव्हीचा रिमोट, टॉर्च. पावसाळ्याच्या आधीचे दोन महिने त्यावर हात बसू द्या. मग पंप. तो उघडण्याआधी मोजे घालून औषधाचा अंश धुऊन काढायचा, कोरडा करायचा, बॅटरीची तार सोडवायची, आणि तेच करायचं: बघणं, पुसणं, बीप, डाग. कपाशीला फवारणी लागेल त्या सकाळी तुमच्या गावात पंप बघणारी एक तरी बाई असेल.