परिग्रह-परिमाण आणि व्यापाऱ्याचे गोदाम

सातारा-सांगलीच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना साठवणूक शिकवावी लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे सर्वांच्या परिचयाची. अरुंद तोंडाचे, पोटाशी रुंद असे पेव हळदीने भरून वरून लिंपले की आत कीड जगत नसे, हळद वर्षानुवर्षे टिके. उघडल्यावर मात्र माणूस लगेच आत उतरत नसे. कोंडलेली हवा जीवघेणी असे.

काही माल पेढीचा श्वास असाच कोंडतो. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह ओळखला तो वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, मूर्च्छेवरून. भावाची वाट पाहत ठेवलेली हळद हा व्यापार होय. परंतु तोटा मान्य करवत नाही म्हणून राखलेला माल, बुडालेली तरी वहीत जपलेली उधारी, केवळ वडिलांनी काढली म्हणून चालविलेली शाखा, ही मूर्च्छा. तीत भांडवल अडकते आणि मुलाने सुचविलेल्या नव्या धंद्याला जागा उरत नाही.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पुष्कळ पेवांत पाणी शिरले, हळद नासली. पुढे व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. ते वळण पुराने लावले. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा श्रावक स्वतः ठरवितो. व्रत आत्म्यासाठी आहे, नफ्यासाठी नव्हे, हे खरेच. तरी पेढीलाही ते उपकारक ठरते. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक मालापुढे खरेदीचे वर्ष लिहावे आणि तो किती काळ ठेवायचा, हे घरातील तरुणांसमक्ष ठरवावे.