सहीच्या आधी





जहाजाच्या इंधनावरची परिषद बंदरात न भरवता अंधेरीसारख्या उपनगरात का, असे काहींनी विचारले. जगभर फिरणाऱ्या कितीतरी जहाजांचा कारभार आज अंधेरी, चांदिवली, पवई या पट्ट्यातल्या कचेऱ्यांतून चालतो. नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे, तेलशुद्धीकरण कारखाने माहुलला आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत सुट्टीवर घरी आलेला जहाजावरचा चीफ इंजिनिअर किंवा मोटरमन शोधावा लागत नाही. आणि या सभागृहातून पश्चिमेला गेले की वेसाव्याचा कोळीवाडा लागतो. डिझेलचे माप कमी भरले किंवा त्यात पाणी निघाले, तर भर समुद्रात काय होते, हे तिथल्या नाखव्यांना कोणी शिकवायला नको.

मुंबईला हा विषय नवा नाही. दारुखान्याजवळ कोळसा बंदर हे नाव अजून टिकून आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट इथून लंडनला निघाली तीही कोळशावरच. जहाजातल्या कोळशाच्या कोठाराला बंकर म्हणत. कोळसा गेला, शब्द तेलाला चिकटला. कोळसा निदान डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा. तेल पाइपमधून येते आणि बंद टाकीत जाते. त्यात काय आले आणि किती आले, याची साक्ष द्यायला उरतात काही बाटल्या, एक डिलिव्हरी नोट आणि तिच्यावरच्या दोन सह्या.

त्या सहीबद्दलच मला आज बोलायचे आहे. मी फोर्थ इंजिनिअर होतो. एका परदेशी बंदरात रात्री अडीचला तेल देणारी बार्ज लागली, पाऊस कोसळत होता. पहाटे पंपिंग संपले तेव्हा बार्जवरच्या माणसाने ट्रेमधून चार बाटल्या आणल्या. भरलेल्या, सील केलेल्या, लेबले लावलेली; फक्त सही हवी होती. त्यातला एक थेंबही आमच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे तेल जहाजात शिरते त्या पाइपच्या तोंडाशी, धरलेला नव्हता. मला झोप अनावर झाली होती, जहाज सुटायची घाई होती. मी सही केली आणि चीफसाहेबांनी माझ्यावर विसंबून नोटवर केली. अकराव्या दिवशी तेल शुद्ध करणारे प्युरिफायर गाळाने भरू लागले. दर दोन तासांनी उघडायचे, धुवायचे, पुन्हा चालवायचे. दावा केला, तर उत्तर आले की तुमच्या सहीच्या बाटलीतले तेल उत्तम आहे. ते खरेच उत्तम होते. आमच्या टाकीत आलेले तेल मात्र ते नव्हते.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. इंधनाचा वाद प्रयोगशाळेत किंवा न्यायालयात गाजतो, पण तो जिंकला किंवा हरला जातो मॅनिफोल्डपाशी, सही होण्याआधीच्या त्या काही तासांत.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टाने आणि त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनी हे तास कसे घालवायचे ते सांगून ठेवले आहे. नमुना घ्यायचा तो तेल घेणाऱ्या जहाजाच्या मॅनिफोल्डवर आणि पंपिंग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत थेंबथेंब. मोठ्या भांड्यात जमलेले तेल नीट हलवायचे, मग सगळ्या बाटल्यांत आळीपाळीने थोडे थोडे ओतायचे. एक बाटली गळ्यापर्यंत भरून दुसरीकडे वळलो, तर त्या दोन बाटल्यांत दोन वेगळी तेले असतात. मार्पोलच्या बाटलीला सील जहाज आणि बार्ज दोन्हीकडच्या माणसांसमोर लागले पाहिजे. ती जहाजावर निदान १२ महिने आणि डिलिव्हरी नोट ३ वर्षे ठेवायची. सीलचे नंबर नोटवर उतरवण्याचे कलम नियमांत अगदी किरकोळ दिसते; माझ्या अनुभवात पुष्कळ भांडणे तिथेच मिटतात.

मापाचेही तसेच. जड तेलाच्या तपमानात ५ अंशांची चूक झाली, तर १,००० टनांमागे सुमारे ३ टनांचा फरक पडतो. कोणी चोरी केलेली नसते, तरी तूट दिसते. जिथे तेलात हवा फुंकून आकारमान फुगवले जाते, तिथे टाकी मोजायची साउंडिंगची टेप वर काढली की तिच्यावर बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. पाहणारा माणूस मात्र हजर हवा. सिंगापूरने १ जानेवारी २०१७ पासून जड इंधनासाठी वस्तुमान थेट मोजणारा मास फ्लो मीटर सक्तीचा केला, त्याने मापाची पुष्कळ भांडणे मिटली. आपल्या बंदरांनीही तो मार्ग धरावा, असे मला मनापासून वाटते.

पण मीटर तेलाचे पोट तपासत नाही. त्याच सिंगापुरात २०२२ च्या सुरुवातीला क्लोरीनयुक्त संयुगे मिसळलेले इंधन सुमारे २०० जहाजांना गेले आणि त्यांपैकी ८० च्या आसपास जहाजांनी पंप व इंजिनांच्या तक्रारी केल्या. तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत हे दूषण सापडत नसे. अशा वेळी जपून ठेवलेली बाटली हाच आधार असतो.

गंधकाच्या आकड्यावरून होणारे वाद मात्र टाळता येण्यासारखे आहेत. १ जानेवारी २०२० पासून मर्यादा ०.५० टक्के आहे. दोन चांगल्या प्रयोगशाळांत एकाच तेलाचे उत्तर ०.४९ आणि ०.५२ येऊ शकते, आणि दोघींचेही काम चोख असते. पुरवठादाराने मिश्रण ०.४७ च्या आत ठेवले, तर हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही.

इथे बार्जवाल्यांची बाजूही मांडायला हवी. जहाजाच्या जुन्या हिशेबात तूट असते आणि ती नव्या बार्जच्या माथी मारली जाते, हे आपण सगळे जाणतो. बार्जवरचा सारंग रात्रभर उभा राहून तेल देतो आणि सकाळी त्याच्या हातात खोटे लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी तक्रारपत्र, पडते. हेही थांबले पाहिजे. आधी दोघांनी मिळून दोन्हीकडच्या टाक्या मोजाव्यात, मगच व्हॉल्व्ह उघडावा.

नीट धरलेला नमुना निर्दोष माणसालाही सोडवतो. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरला ‘डाली’ जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळले आणि पुलावर काम करणारे ६ मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पहिल्याच दिवसांत दूषित इंधनाची चर्चा सुरू झाली. अमेरिकी तपास यंत्रणेने नमुने तपासले, तेव्हा इंधनाच्या दर्जात दोष आढळला नाही. पुढे कारण निघाले ते एका सैल वायरचे. नमुनेच नसते, तर संशय कोणाकोणाला चिकटून राहिला असता, याचा विचार करावा.

न्यायालयाचे दार उघडे आहेच. २०१७ चा नौकाधिकरण कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे आणि इंधनाच्या दाव्यासाठी मुंबई उच्च न्यायालय जहाज अडकवू शकते. त्यावर आमचे वकील मित्र उद्या सविस्तर बोलतील. मी एवढेच सांगतो, की दर्जाच्या तक्रारीची मुदत करारात पाहून ठेवा. जहाज व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना बिम्को हिच्या २०१८ च्या अटींत ती ३० दिवसांची आहे, कित्येक पुरवठादारांच्या अटींत त्याहून कमी. अहवाल हाती येईपर्यंत नवे तेल जुन्यात मिसळू नका.

बाहेरच्या दालनात ड्रिप सॅम्पलर, सील आणि रिकाम्या बाटल्या मांडल्या आहेत. कचेरीत बसून जहाजांचे इंधन खरेदी करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, दुपारच्या जेवणाआधी तिथे दहा मिनिटे थांबा, बाटली स्वतः भरा, सील स्वतः लावा आणि त्याचा नंबर आपल्या हाताने लिहा.