जत्रेचा फड आणि गावाचा दोर

(वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात चैत्राच्या जत्रेपूर्वी भरलेल्या गावसभेत तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आजची सभा जत्रेची वर्गणी ठरविण्यासाठी भरली आहे. शेवटच्या जोडीस इनाम किती ठेवावे, शंकरपटाची धाव कोणाच्या वावरात आखावी, रात्री तमाशा आणावा की आर्केस्ट्रा, यावर दीड तास खल झाला. आता मास्तरांनी दोन शब्द बोलावे असे अध्यक्षांनी फर्माविले. मास्तर उभा राहिला म्हणजे करमणुकीविरुद्ध बोलणार, अशा समजुतीने मागची तरुण मंडळी चपला शोधू लागली आहेत. त्यांनी खुशाल बसावे. मी करमणुकीचा वैरी नाही.

जो माणूस मृगापासून तुरीची सोंगणी होईपर्यंत मातीत राबतो, ज्याचे सोयाबीन कधी पावसाने तर कधी भावाने बुडते, त्याने वर्षातून दोन दिवस हसू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? तमाशा म्हटला की नाक मुरडणारे पुष्कळ होऊन गेले. परंतु सत्यशोधक जलसेवाल्यांनी तोच ढंग उचलला, तीच ढोलकी घेतली, आणि सावकाराचे व्याज व मुलांचे शिक्षण या गोष्टी रातोरात खेड्यांच्या गळी उतरविल्या. जे काम शंभर व्याख्यानांनी झाले नसते ते एका सोंगाने झाले.

खेळाविषयी तर माझे मत याहून ठाम आहे. आपल्या वऱ्हाडात अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि त्या मंडळाचे गडी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ साऱ्या जगासमोर करून आले. मातीत खेळणारा पोरगा वाया गेला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शंकरपटावर २०१४ साली कोर्टाची बंदी आली होती, ती २०२३ साली कायमची उठली; याचा मला इतर शेतकऱ्यांइतकाच आनंद झाला. फक्त धावेच्या दोन्ही अंगांना मातीचा बांध घाला आणि पोरांना त्याच्या मागे बसवा. उधळलेल्या बैलाला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचता येत नाही.

इतके सांगितल्यावर आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. ही गोष्ट मी या गावात कधी बोललो नाही.

या गावी बदली होण्यापूर्वी मी दुसऱ्या एका गावी होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. जत्रा होती. मी फडाच्या कडेला घड्याळ घेऊन बसलो होतो. शेवटची जोडी लागली होती, हलगी कडकडत होती, आणि तिच्यावर ताण म्हणून देवळामागे डी.जे. लावला होता. चौथीतला एक मुलगा लोकांच्या पायांमधून वाट काढीत माझ्यापाशी आला. त्याला धाप लागली होती. त्याने माझी बाही ओढली. मी त्याच्याकडे न पाहताच म्हणालो, "थांब रे बाबा, एवढी कुस्ती सुटू दे."

तो थांबला. मास्तराने थांब म्हटले म्हणजे थांबायचे, हे मीच त्याला शिकविले होते. पाचेक मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सुटली आणि मी विचारले, काय रे? तो म्हणाला, "गुरुजी, आमचा सोबती शेततळ्यात बुडून राह्यला जी."

बुडून राह्यला, हे त्याचे शब्द. त्याने बाही ओढली तेव्हा ते खरे होते.

चारपाचशे माणूस धावले. त्यात एकाहून एक तगडे पैलवान होते. आपल्याकडे २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या उपयोगाची योजना ती. तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल असे तळे, म्हणजे जवळजवळ दोन पुरुष पाणी. पाणी मुरू नये म्हणून आत पन्नी अंथरतात. या पन्नीवर शेवाळ धरले म्हणजे ती साबणासारखी होते. विहिरीला निदान कपार असते, पायटे असतात; पन्नीच्या तळ्याला बोट रुतवावे असे काही नसते. पट्टीचा पोहणाराही कडेला येतो, चार हात चढतो आणि घसरून पुन्हा आत जातो. त्या दिवशी दोन पैलवानांनी उड्या टाकल्या. मुलगा त्यांच्या हाती लागला, परंतु त्याला घेऊन वर येता येईना, आणि त्यांच्यातलाच एक दमून गटांगळ्या खाऊ लागला. दोर आणा, दोर आणा, असा आकांत झाला. एवढ्या जमावात कोणापाशी दोर नव्हता. शेवटी बैलांचे कासरे सोडून एकमेकांस बांधले, त्यातली एक गाठ सुटली, ती पुन्हा बांधली. तोवर जो वेळ जायचा तो गेला.

मुलाला वर काढल्यावर जे झाले तेही सांगतो. त्याचे पाय धरून त्याला गरगरा फिरविले, पोटातले पाणी निघावे म्हणून. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढलेला मी. पण याहून दुसरे काय करावे हे मला ठाऊक नव्हते.

त्या जत्रेत शेवटच्या जोडीचे इनाम एकवीस हजार होते.

पुढे मी शिकून घेतले. बुडालेल्याचे मरण पोटातल्या पाण्याने येत नाही, श्वास कोंडल्याने येते. म्हणून त्याला फिरवू नये. उताणे निजवावे, तोंडातला चिखल काढावा, डोके किंचित मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात प्रथम चारपाच वेळा वारा भरावा. मग छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून दाबावे. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. लहान मुलाची, छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा. तीस वेळा दाबावे, दोन वेळा वारा भरावा, पुन्हा तीस वेळा. दाबण्याची चाल मिनिटाला शंभर ते एकशेवीस. ही चाल कोणती म्हणाल, तर शाळेत आपण जलद कवायत घेतो, डावा उजवा, डावा उजवा, तीच. आपल्या प्रत्येक पोराच्या पायात ही चाल आधीच आहे. ती हातात आणायची, इतकेच. १०८ क्रमांकास फोन दुसऱ्याने करावा. गाडी येईपर्यंत दाबणाऱ्याने हात काढू नये, दमला तर दुसऱ्याने जागा घ्यावी.

आणि उडी सर्वांत शेवटी. आधी बांबू पुढे करावा, दोर फेकावा, रिकामा बंद डबा किंवा ट्रॅक्टरची फुगविलेली ट्यूब टाकावी. बुडणाऱ्याची मिठी हिंदकेसरीलाही सुटत नाही.

मंडळी, ही झाली पाण्याची गोष्ट. आता गर्दीची ऐका, कारण आपल्या जत्रेतही गर्दी वाढत चालली आहे. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात मांढरदेवीचा डोंगर आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, काळूबाईच्या यात्रेत तेथे चेंगराचेंगरी झाली. वाट अरुंद, पायऱ्या चढाच्या, आणि त्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या. पुढचे घसरले, मागच्यांना ते कळले नाही, ते ढकलीत राहिले. त्यात दुकानांना आग लागली आणि गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसे गेली, त्यात बायामुले फार. असे देवाच्याच दारी होते असेही नाही. ४ जून २०२५ रोजी बंगलोरास क्रिकेटचा चषक जिंकल्याचा आनंद करण्यासाठी लोक लोटले, आणि मैदानाच्या दारातच ११ जण चेंगरून मेले.

आपण जत्रेचा मुहूर्त काढण्यास दक्षिणा देतो. गर्दीला वाट काढून देण्यास मात्र दमडी ठेवीत नाही. आपल्या देवळाची पायरी तुम्ही जाणता. चढणारे आणि उतरणारे तीन हात वाटेत समोरासमोर येतात, आणि नारळ नेमका वरच्या पायरीवर फुटतो. माझे म्हणणे एवढेच की, नारळ खाली वडापाशी फोडावा, उतरण्याची वाट मागच्या अंगाने मोकळी करावी, आणि भज्यांच्या गाड्यांनी टाक्या घेऊन मंडपापासून दूर बसावे. बायकांना आपण भिंतीकडेला कोंडून बसवितो. त्यांच्या बाजूने बाहेर पडण्यास आज एक फटही नाही.

शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास १९१२ साली कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले. ते मी पाहिले आहे. मध्ये आखाडा आणि भोवती मातीची चढण, म्हणजे अगदी शेवटी बसलेल्या गरिबासही डाव दिसावा. ज्याला बसल्या जागी दिसते त्याला पुढे घुसण्याचे कारण उरत नाही. आपणही फड टेकाडाच्या पायथ्याशी घेतला तर पैसा न लागता तेच साधेल. याच खासबागेला लागून महाराजांनी नाटकगृह बांधले, ते पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शंभर वर्षांहून अधिक काळ उभी असलेली ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाली. माणूस दगावला नाही, हे नशीब. राजाने दगडविटांत बांधलेल्या नाटकगृहाची ही गत, तर आपला मंडप कापडाचा व बांबूचा, आणि त्यात वीज येते ती खांबावर आकडा टाकून! यावर हसू नका. आकडा टाकणारा याच सभेत बसला आहे आणि तो माझा विद्यार्थी आहे.

विजेवरून आभाळातली वीज आठवली. आपली जत्रा चैत्रात, आणि अवकाळी वादळेही त्याच दिवसांत. वीज चमकली की मोजू लागावे. तीन अंक मोजून झाल्यावर गडगडाट आला तर वीज एका किलोमीटरवर पडली असे समजावे. तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला तर कुस्ती असो, पट असो, खेळ बंद करून पक्क्या घरात शिरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये. आपल्यातले शहाणे लोक काय करतात? पायाळू माणसावर वीज पडते म्हणून त्याला घरात बसवितात आणि स्वतः निंबाखाली जाऊन उभे राहतात! वीज जन्माची कुंडली पाहत नाही. उघड्या रानात उंच काय आहे ते बघते. वीज लागलेल्या माणसाला शिवू नये हाही खोटाच समज आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याची छाती ताबडतोब दाबली तर तो वाचू शकतो.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सरकारचे काम. असेल. परंतु १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी आजारी पोराला स्वतः पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच रोगाने त्या गेल्या. सरकार तेव्हाही होतेच.

तर माझी मागणी अशी. जमणाऱ्या वर्गणीतून शंभर रुपयांमागे दहा रुपये निराळे काढावे. त्यातून दोर घ्यावेत. अंबाडीचा दोर पाण्यात कुजतो, सबब शेततळ्यासाठी नायलॉनचा जाड दोर, हातभर अंतरावर गाठी मारलेला. गावात पन्नीची जितकी तळी आहेत तितक्यांच्या चारी बाजूंस खुंटा ठोकून तो पाण्यापर्यंत सोडलेला असावा. सुतारदादांनी एक लांब शिडी करावी, लोहारदादांनी विहिरीसाठी चार आकड्यांचा मोठा गळ घडवावा, आणि त्यांची मजुरी त्यांना रोख मिळावी. गावकामाच्या नावाखाली कारागिराला फुकट राबविण्याची रीत पुष्कळ झाली. हे सामान देवळाच्या ओसरीवर उघडे टांगावे. कुलपात ठेवाल तर किल्लीवाला नेमका वाशीमला गेलेला असेल.

दुसरे, मुलांना व मुलींनाही उन्हाळ्याच्या सुटीत पोहणे शिकवावे. भोपळा बांधा, डबा बांधा, पण पाण्यात घाला. मुलगी पोहायला शिकली तर लोक काय म्हणतील, असे म्हणणाऱ्या घरची मुलगीही विहिरीवर धुणे धुवायला जातेच.

तिसरे, आणि हे मी हात जोडून मागतो. फडावर एक माणूस असा नेमा की, त्याने हात वर केला म्हणजे हलगी थांबेल, डी.जे. थांबेल आणि धरलेली पकड पैलवान सोडतील. त्याच्यापाशी कोणाचेही पोर येऊन बोलू लागले तर त्याने आधी ते ऐकावे. पोराने थट्टा केली असे निघाले, तरी त्याला मारू नये. कुस्ती पुन्हा लावता येते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात मी तुरीच्या भुसाने भरलेली दोन पोती ठेवणार आहे. त्यांवर छाती दाबण्याचा सराव करावयाचा आहे. तालमीतल्या गड्यांनी यावेच, आणि मायबहिणींनीही यावे. दुपारी पुरुष वावरात असतात तेव्हा गावात तुम्हीच असता.

आता इनामाचा विषय पुढे चालवावा. शेवटच्या जोडीसाठी माझ्या नावावर पाचशे एक रुपये लिहा, आणि दोराच्या खात्यावर तितकेच.