शरीर शिकते कसे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर लसीचा लहानसा वण आहे. लस टोचली की रोग टळतो, एवढे आपण जाणतो. पण शरीर जंतूला ओळखायला शिकते कसे? या प्रश्नामागे अनेक वर्षे लागलेल्या एका शास्त्रज्ञाची हकिकत आज सांगणार आहे.

एमिल उनानुए यांचा जन्म 1934 साली क्यूबा देशातील हवाना शहरात झाला. 1960 साली तेथेच ते डॉक्टर झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन संशोधनाला लागले. आपल्या शरीरात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. त्यांना महाभक्षी पेशी म्हणतात. टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी रोगाशी लढण्याची सूत्रे हलवतात. गंमत अशी, की मोकळा जंतू समोर आला तरी टी-पेशी त्याला ओळखत नाहीत. महाभक्षी पेशीने तो दाखवावा लागतो. मग ती नेमके काय दाखवते?

हार्वर्ड येथे उनानुए आणि त्यांचे सहकारी झिग्लर यांनी महाभक्षी पेशींना लिस्टेरिया नावाचे जंतू खाऊ घातले. जंतू गिळल्याबरोबर टी-पेशी जवळ येईनात. सुमारे तासाभराने मात्र येऊन चिकटू लागल्या. त्या तासात आत काय घडत होते? 1982 साली त्यांनी क्लोरोक्विन वापरून पाहिले. होय, मलेरियावर आपण घेतो तेच औषध! ते पेशीच्या आतील पचनाची आम्लता कमी करते. औषध आधी दिले, तर पेशीने जंतू गिळूनही टी-पेशींनी तो ओळखला नाही. तास उलटल्यावर दिले, तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे जंतूचे आधी पचन होऊन तुकडे व्हावे लागतात, आणि टी-पेशी ओळखतात ते तुकडेच.

1985 साली उनानुए यांच्या गटाने कोंबडीच्या अंड्यातील एका प्रथिनाचा तुकडा घेऊन तो पेशीवरील विशिष्ट रेणूला प्रत्यक्ष चिकटतो, हे दाखवले. 1987 साली हार्वर्डमध्येच पामेला ब्योर्कमन या तरुण संशोधिकेने सहकाऱ्यांसह त्याच कुळातील मानवी रेणूची रचना उलगडली. त्यात तुकडा बसण्याजोगी खोबण स्पष्ट दिसली. मुलींच्या पालकांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. उनानुए यांना 1995 साली इतर चौघांबरोबर लास्कर पारितोषिक मिळाले. 2022 साली त्यांचे निधन झाले.

मित्रहो, या हकिकतीतून दोन गोष्टी घेऊन घरी जा.

पहिली पालकांसाठी. लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. रोग दारात येण्यापूर्वीच टी-पेशींना त्याची ओळख पटावी, हाही तिचा एक हेतू. 2022 साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि कोवळी मुले दगावली. साथीत सापडलेल्या अनेक मुलांनी लस घेतलेली नव्हती. कोणी काही सांगितले म्हणून बाळाची लस चुकवू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी विद्यार्थ्यांसाठी. क्लोरोक्विन दिलेल्या पेशीने जंतू गिळला होता, पण पचवला नव्हता. म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या धड्याचेही तसेच होते. न चावता गिळलेला घास अंगी लागत नाही. धड्याचे तुकडे करा, प्रत्येकाला 'का?' विचारा, आणि उमजायला वेळ द्या. शरीरालाही एक तास लागतो, तर आपल्याला थोडा उशीर झाला म्हणून खचून का जावे?

अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी पडणारे इल्म देवो. आमीन. खुदा हाफिज.