अदृश्य कणाचा माग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कलाशाखेच्या पदवीधराने विज्ञानावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु ज्या प्रश्नात माणसाच्या शहाणपणाची कसोटी आहे, तो शास्त्रज्ञांवर सोपवून आम्हां सामान्यांना मोकळे होता येत नाही.

1932 मध्ये केंब्रिज येथे जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. या कणावर विद्युत्भार नाही. म्हणून तो जड धातूंतही खोलवर शिरतो आणि क्ष-किरणांना सहसा न गवसणारे हायड्रोजनचे अणू दाखवून देतो. आपल्या तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टी 1985 मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या न्यूट्रॉन-शलाकांवर देशभरातील विद्यापीठांचे संशोधक प्रयोग करीत आले आहेत.

मात्र विद्युत्भार नसल्यामुळेच हा कण पकडणे अवघड. तो स्वतःची खूण मागे ठेवीत नाही. म्हणून त्याला गिळणारे एखादे अणुकेंद्र वाटेत ठेवावयाचे आणि त्यातून उसळणारे भारित कण मोजावयाचे, ही डिटेक्टरची युक्ती. या कामी हेलियम-3 हा वायू उत्तम ठरला.

हा वायू येतो कोठून? अण्वस्त्रांसाठी तयार केलेल्या ट्रिटियमच्या ऱ्हासातून! सुमारे 12.3 वर्षांत ट्रिटियम निम्मे होते आणि त्याचे हेलियम-3 बनते. म्हणजे शांततामय संशोधनाचे साधन अस्त्रांच्या कोठारावर अवलंबून राहिले. शीतयुद्ध सरले, तसा हा झरा आटू लागला. पुढे 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने बंदरांवर व सीमांवर असे डिटेक्टर मोठ्या संख्येने बसविले. 2009 च्या सुमारास टंचाई तीव्र झाली. स्वीडनमधील लुंड येथे युरोपचे विशाल न्यूट्रॉन-केंद्र उभारण्याची तयारी चालू असतानाच हा पेच उद्भवला.

संशोधक बोरॉन-10 कडे वळले. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बोरॉन कार्बाइडचा थर द्यावयाचा. पण तो जाड झाला तर उसळलेले कण आतच अडकतात आणि पातळ राहिला तर बहुतेक न्यूट्रॉन निसटून जातात. फ्रान्समधील ग्रनोबल आणि स्वीडनमधील लुंड व लिंशपिंग येथील मंडळींनी यावर तोड काढली. सुमारे एक मायक्रॉन जाडीचे अनेक थर त्यांनी एकामागे एक रचले. एका चाळणीतून सुटलेले दुसरीत सापडावे, तसे हे झाले. हेलियम-3 आजही वापरात आहे. तथापि मोठ्या क्षेत्रफळाच्या डिटेक्टरांसाठी त्याच्यावाचून अडून राहण्याचे कारण उरले नाही.

शोध लावणाऱ्याचा आपण गौरव करतो. उपकरण घडविणाऱ्याचे नाव सहसा घेत नाही. पण उपकरण परावलंबी असेल तर विद्याही परावलंबी राहते. आपल्या मुलामुलींपैकी कोणी उपकरणे घडविण्याकडे वळू म्हणेल, तर त्याला दुय्यम काम समजून परावृत्त करू नये, एवढीच आमची विनंती.