तळणीचें उरलेलें तेल



दिवाळी जवळ आली म्हणजे नाशिकांतील घराघरांतून चकली, शेव, चिवड्याचे पोहे यांचे घाणे निघूं लागतात. शेवटचा घाणा निघाल्यावर कढईंत वाटीभर काळसर तेल उरतें. तें टाकून देण्यास गृहिणीचें मन धजत नाहीं. ती तें बरणींत भरते आणि पुढील खेपेस त्यांतच नवें तेल ओतते. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु बरणींत काय सांठविलें जातें, हें जाणणें अगत्याचें आहे.

नाशिकासारख्या उंचावरील गांवीं पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें आणि निवल्यावर पुन्हां पाणीच राहतें. तेलाची गोष्ट निराळी. तळतांना तें १७० ते १९० अंशांपर्यंत तापतें, आणि त्यांत तीन प्रकारचे बदल घडतात. पदार्थांतील पाण्याच्या योगानें तेलाचें विघटन होऊन मेदाम्लें सुटीं होतात. तीं वाढलीं कीं तेल कमी आंचेवरच धुरावूं लागतें. त्या धुरांत डोळे चुरचुरतात, तें अ‍ॅक्रोलीन नांवाच्या द्रव्यामुळें. दुसरें, हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन खवट वासाचीं व अपायकारक द्रव्यें उत्पन्न होतात. करडई व सूर्यफूल यांच्या नेहमींच्या तेलांत हा बदल शेंगदाण्याच्या तेलापेक्षां लवकर होतो. तिसरें, तेलाचे रेणू परस्परांस जोडले जाऊन तेल दाट होतें. कढईच्या कांठाला बसणारें चिवट पिवळें कीट त्याचेंच.

अशा द्रव्यांचें एकूण प्रमाण शेंकडा २५ हून अधिक झाल्यास तें तेल खाद्यास वापरूं नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. घरीं तें मोजण्याचें साधन नसतें. तरी दाटपणा, न विरणारा फेस, लवकर येणारा धूर व उग्र वास या खुणा कोणासही ओळखतां येतील. जुन्यांत नवें ओतल्यानें जुनें सुधारत नाहीं. उलट नवें मात्र लवकर बिघडतें.

म्हणून पसरट कढईऐवजीं लहान व खोलगट कढई घ्यावी, धूर निघण्यापूर्वींच आंच कमी करावी आणि तळाशीं जळणारा चुरा झाऱ्यानें काढीत जावा. उरलेलें तेल स्वच्छ असल्यास गाळून, झांकून ठेवावें व दोन दिवसांत भाजीच्या फोडणीस संपवावें. खुणा दिसल्यास तें निःशंकपणें टाकावें. काटकसर करावयाची ती कढईंत तेल ओततांनाच करावी; म्हणजे शेवटीं टाकावयास फारसें उरणारच नाहीं.